पिशवीतलं आणि टेबलावरचं

ती गेल्याचं कळलं त्या दिवशी मी एका दातांच्या दवाखान्यात, कपाटाच्या कुलपात मोडलेली चावी काढत होतो. फोन आला. पलीकडच्या बाईने विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?" मी म्हटलं, "नवरा." ती जरा थांबली. त्या थांबण्यातच मला कळून चुकलं. पुढचं तिने सांगितलं तेही ऐकलं. बाजारात भोवळ येऊन पडली, लोकांनी इस्पितळात नेलं, पण नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी चावीचा तुकडा बाहेर काढला, कपाट उघडून दाखवलं आणि मग निघालो. काम अर्धं टाकायची सवय नव्हती, दुसरं काही नाही.

इस्पितळातलं उरकेपर्यंत संध्याकाळ झाली. लेक परगावाहून निघाली होती, ती दुसऱ्या दिवशी पोचणार होती. रिकाम्या घरी जायचं जिवावर आलं, म्हणून टपरीवर गेलो. माझं दुकान म्हणजे रस्त्याकडेची टपरीच. चाव्या कापायचं यंत्र, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्या आणि एक उंच स्टूल. स्टुलाखाली तिची निळी कापडी पिशवी होती. सकाळी ती पिशवी माझ्याकडे ठेवून जायची आणि संध्याकाळी मी ती वर्गात पोचवायचो. पिशवी दिसली तेव्हा आठवलं की आज वर्ग आहे आणि खोलीची चावी माझ्या खिशात आहे. माणसं जिन्यात ताटकळत असतील. त्यांना कुणी कळवलं असणार?

म्हणून मी गेलो.

ती इंग्रजी शिकवायची. शाळेतल्या मुलांना नाही, मोठ्या माणसांना, आणि तेही अगदी पहिल्या पायरीवरच्या. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मागच्या अंगाला तिची खोली होती. लांब टेबल, भोवती खुर्च्या, भिंतीला बाक, फळा आणि रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. दिवसभर राबलेली माणसं तिथे यायची. अर्ध्या लोकांचा पहिला तास झोप आवरण्यातच जायचा.

जिन्यात सगळे उभे होते. सर्वांत पुढे सुईणबाई. जन्मभर त्यांनी बाळंतपणं केली, आता काठी टेकत चालायच्या. त्यांची लेक परदेशात, जावई तिकडचाच, त्याला इंग्रजीखेरीज काही येत नाही. "त्याला चार शब्द सुनवायचेत," असं त्या वर्गात आल्या त्या दिवशीच म्हणाल्या होत्या. "मराठीत सुनावले की हसतो मेला. फुकट जातात." त्यांच्यामागे बसवाले काका. त्यांना विमानतळाच्या बसवर ड्रायव्हर म्हणून जायचं होतं आणि तिथे प्रवाशांशी इंग्रजीत बोलावं लागतं. मग इस्पितळाच्या धुलाईघरात काम करणारी, तिला आम्ही इस्त्रीवाली म्हणायचो. तिला धुलाईघरातून वर वॉर्डात जायचं होतं. आणि भिंतीला चिकटून गोदामवाला. तो कशासाठी शिकतो हे त्याने कधी सांगितलं नाही. तसं तो काहीच सांगायचा नाही. आणखीही चारदोन माणसं होती.

"काय काका, आज बाई मागे राहिल्या वाटतं," बसवाले म्हणाले. "का आज तुम्हीच शिकवताय?"

सगळे हसले. मी कुलूप उघडलं, दिवा लावला, पिशवी टेबलावर ठेवली आणि सगळे बसल्यावर सांगितलं. कोणत्या शब्दांत ते आठवत नाही. साधंच सांगितलं असणार, मला दुसरं येत नाही.

कुणी उठलं नाही. इस्त्रीवाली ओठ दाबून रडत होती. सुईणबाईंनी खुर्ची ओढून दिली आणि म्हणाल्या, "बसा." मी बसलो. तास संपेपर्यंत आम्ही सगळे तसेच बसून होतो. तास संपल्यावर उठलो, दिवा मालवला, कुलूप लावलं. बाईंचा तास अर्धा सोडायचा नाही, एवढंच त्या माणसांना त्या दिवशी सुचलं. मला ते बरोबर वाटलं.

दिवस-कार्य आटोपल्यावर ग्रंथपाल बाई टपरीवर आल्या. भली बाई, पण नियमाने चालणारी. "वर्ग तुमच्या मंडळींच्या नावावर होता," त्या म्हणाल्या. "शिकवणारं माणूस नाही तर खोली परत घ्यायची, असं समितीचं म्हणणं आहे. जुनी मासिकं ठेवायला जागा हवीय त्यांना."

"मासिकं कोण वाचतं?"

"कुणीच नाही. म्हणून तर ठेवायला जागा लागते." त्या हसल्या नाहीत. "हे बघा, तोंडी परीक्षेसाठी तुमच्या मंडळींनी अर्ज आधीच केलेला आहे. बाहेरून परीक्षक येणारच आहेत. तोवर खोली राहू दे म्हणून मी सांगेन. बरीचशी माणसं पास झाली तर नवी शिक्षिका द्या म्हणून मागायला मला तोंड राहील. नापास झाली तर मात्र माझ्या हातात काही नाही."

म्हणजे सगळं परीक्षेवर आलं. पास झाले तर वर्ग राहील, नाही तर खोलीत मासिकं.

संध्याकाळी लेकीला सांगितलं. ती मला तिच्या घरी न्यायला बसली होती. "बाबा, तुम्ही काय शिकवणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"मी पोहरा नाहीच. मी नुसता दोर ओढणार."

"आणि पाणी?"

"ते त्यांच्या आडात तिने भरून ठेवलंय. किती ते बघू."

 जाताना माझ्यासाठी भरायला काढलेली बॅग ती तशीच रिकामी ठेवून गेली.

तिची शिकवायची रीत सांगायला हवी, नाही तर पुढचं समजायचं नाही. आपल्याकडे कुलूप म्हणजे कुलूप. इंग्रजीत तसं भागत नाही. नावाच्या पुढे एक चिमुकला शब्द उभा करावा लागतो. कुठलंही एखादं कुलूप असेल तर 'अ', ठरलेलं, तेच ते कुलूप असेल तर 'द'. यावर पुस्तकात पानंच्या पानं आहेत, असं ती म्हणायची, आणि ती पानं वाचून आजवर कुणाला हे आलेलं नाही, असंही म्हणायची. म्हणून तिने पिशवी केली. वस्तू पिशवीत आहे तोवर ती कुणाच्या ओळखीची नाही. पहिल्यांदा बाहेर आली की तिला 'अ' लावायचा. अ की. अ स्पून. मग ती सगळ्यांच्या हातांतून फिरायची आणि टेबलावर बसायची. टेबलावर बसली की ती आपल्या माहितीतली झाली, आता ती 'द'. द की इज कोल्ड. द स्पून इज बेंट. काही नावांचा पहिला आवाजच तोंड उघडून येतो, तिथे नुसता 'अ' म्हणताना जीभ अडखळते, म्हणून 'ॲन'. त्यासाठी पिशवीत एक कांदा, लाकडी अंडं आणि मोडकी छत्री कायम असायची. ॲन अनियन, ॲन एग, ॲन अंब्रेला. आणि काही गोष्टी बाहेर काढाव्याच लागत नाहीत, त्या पहिल्यापासून टेबलावर असल्यासारख्याच. खोलीचं दार, छत, वरचा सूर्य. कुठलं दार, कुठला सूर्य, असं कुणी विचारत नाही. त्या कायमच्या 'द'.

दुसरी रीत टिचकीची. ती तिने माझ्याकडून घेतली. एकदा ती टपरीवर बसली होती आणि मी एका जाम झालेल्या कुलपावर बोटाच्या पेराने टकटक करत होतो.

"अहो, त्याला मारताय का समजावताय?" तिने विचारलं.

"जोर केला तर चावी मोडते," मी म्हटलं. "टिचकी मारली की आत जे अडकलंय ते आपलं आपण जागेवर येतं."

दुसऱ्या दिवसापासून टिचकी वर्गात आली. बोलताना कुणी चुकलं तर बरोबर काय ते कुणी सांगायचं नाही. ज्याला चूक कळली त्याने टेबलावर एकदा वाजवायचं. टक्. इथे काहीतरी अडकलंय, एवढाच त्याचा अर्थ. काय अडकलंय ते बोलणाऱ्याने शोधायचं. "उत्तर हातावर ठेवलं की माणूस उत्तर घेऊन घरी जातो," ती म्हणायची, "आणि चूक इथेच ठेवतो, उद्या पुन्हा करायला." ती टिचकी या माणसांच्या हाडीमाशी खिळली होती. इस्त्रीवालीचा नवरा घरात काही आडवं बोलला की ती म्हणे ताटाच्या कडेवर वाजवायची, आणि तो बिचारा आपलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

माझ्या पहिल्या तासाला मी पिशवी धरून फळ्यापाशी उभा राहिलो आणि सुरुवात कशी करायची तेच सुचेना. इतकी वर्षं मी मागच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकलेलं, पण ऐकणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं.

सुईणबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. "काय काका, अडलंय का?"

"अडलंय."

"मग नुसतं उभं राहून सुटका होते होय? हात घाला आत. जे लागेल ते बाहेर काढा. आम्ही तेच करायचो."

ती गेल्यापासून त्या खोलीत पहिल्यांदा कुणी हसलं. मी हात घातला. गंजकं कुलूप हाताला लागलं.

"अ लॉक," मी म्हटलं.

"अ लॉक," सगळे म्हणाले, आणि कुलूप हातोहात फिरायला लागलं.

असे आमचे तास सुरू झाले. मी वस्तू काढायचो, बोलायचे ते. बसवाल्यांचं दुखणं असं की ते 'द' हॉर्नसारखा वाजवायचे, समोर कुणी असो नसो. "द आय गो द होम ऑन द बस." टक्, टक्. "आज रस्त्यात फार खड्डे दिसतात," असं म्हणून ते पुन्हा मागे यायचे. सुईणबाईंचं उलटं. त्या काहीच लावायच्या नाहीत.

"लॉक इज बिग."

टक्.

"काय टक्? मोठंच आहे ते."

"पुढे काहीतरी लावायचं राहिलं, मावशी," इस्त्रीवाली म्हणाली.

"इतकं आयुष्य न लावता गेलं, माझं काही अडलं नाही."

"तुमचं नाही. जावयाचं अडेल. त्याला वाटेल सासूबाई कुठल्या तरी कुलपाबद्दल बोलतायत."

सुईणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग कडू औषध घ्यावं तसं म्हणाल्या, "द. लॉक. इज बिग." आणि पुढे, "झालं समाधान?"

गोदामवाला फार बोलायचा नाही, पण त्याचा कान पक्का. सगळ्यांत आधी टिचकी त्याची. मी स्वतः चुकलो तरी त्याची टिचकी यायची, आणि खरं सांगतो, मला ती आवडायची. तिच्या वर्गात मागे बसून मी कधी तोंड उघडलं नव्हतं. आता उघडत होतो आणि चुकत होतो.

एका तासाला पिशवीच्या आतल्या कप्प्यात हात गेला. तिथे तीन लहान काचेच्या बरण्या निघाल्या. एकीत पाणी, एकीत वाळू, एकीत मीठ. त्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"अ वॉटर," बसवाले म्हणाले.

काहीतरी खटकलं. दोघातिघांचे हात टिचकीसाठी वर गेले आणि तिथेच थांबले. काय खटकलं ते कुणालाच सांगता येईना. बसवाल्यांनी 'द' लावून पाहिला, इस्त्रीवालीने 'ॲन' लावून पाहिला. एकही धड बसेना. बरोबर दिसणारी चावी कुलपात जाते पण फिरत नाही, तसं झालं.

गोदामवाल्याने मिठाची बरणी उजेडात धरली. "बाईंनी पुढच्या धड्यासाठी ठेवलं असेल," तो म्हणाला. त्याचं ते तोवरचं सगळ्यांत लांब वाक्य.

मी बरण्या परत कप्प्यात ठेवल्या.

परीक्षेचा दिवस आला. परीक्षक माझ्याच वयाचे गृहस्थ होते, गळ्याला मफलर, नाक लाल, सर्दीने बेजार. ग्रंथपाल बाईंनी त्यांना गरम पाणी आणून दिलं. ते टेबलापाशी बसले. आमची माणसं भिंतीलगतच्या बाकावर ओळीने. मी दारापाशी स्टुलावर, मांडीवर पिशवी. पिशवीचं काम नव्हतं, पण ती टपरीत ठेवून येववेना. इस्त्रीवालीने धुलाईघरातून सगळ्यांचे कपडे कडक इस्त्री करून आणले होते. गोदामवाला इतका ताठ बसला होता की जणू त्यालाच खळ घातलीय.

आधी बसवाले. परीक्षकांनी चित्र पुढे ठेवलं. रस्ता, माणूस, शिडी, कुत्रा. चित्रात काय दिसतं ते बोला, म्हणाले.

"आय सी अ मॅन," बसवाले म्हणाले. "द मॅन हॅज अ लॅडर. द लॅडर इज लाँग."

मी श्वास सोडला. एकही हॉर्न नाही.

"देअर इज द डॉग," बसवाले म्हणाले.

टक्. सुईणबाईंची काठी जमिनीवर वाजली. आणि तिच्यामागोमाग बाकाच्या लाकडावर टक्, टक्, टक्, ओळीने. कुणी ठरवून केलं नाही. जांभई एकाला आली की सगळ्यांना येते, तसं ते झालं.

"अ डॉग," बसवाले म्हणाले, समाधानाने, आणि पुढे निघाले, "द डॉग इज..."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "हे वाजवतंय कोण?"

बाकावर सगळ्यांचे हात मांड्यांवर गेले.

"खुणा करून उत्तर सांगणं झालं हे," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "असं असेल तर मला परीक्षा इथेच थांबवावी लागेल आणि तसं कळवावं लागेल."

ग्रंथपाल बाईंचा चेहरा उतरला. "सर, ती त्यांची वर्गातली रीत आहे."

"असेल. परीक्षेत कुणाची रीत चालत नाही."

बोलणं चुकीचं नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर तेच म्हटलं असतं.  तिने घातलेली सवयच तिच्या वर्गाच्या मुळावर आली होती. मी उठलो. "साहेब, जरा ऐका, ते काय आहे की..."

"आपण परीक्षा देताय?"

"नाही."

"मग आपण बसा. ज्यांनी वाजवलं त्यांनी सांगावं. आणि इंग्रजीत सांगावं. नाही तरी तेच ऐकायला मी अंथरुणातून उठून आलोय."

मी बसलो.  बसवाले चित्राकडे बघत होते, चित्रातलं कुत्रं काही मदत करतंय का बघावं तसे. इस्त्रीवालीच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मग सुईणबाई काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या.

"सर," त्या म्हणाल्या. "आय हॅव अ स्टिक. द स्टिक नॉक्ड."

परीक्षकांनी पेन पुन्हा हातात घेतलं.

"वी हॅड अ टीचर." सुईणबाईंनी माझ्याकडे बघितलं. "द टीचर डाइड."

मी खाली पिशवीकडे बघितलं.

"शी गेव्ह अस नॉक."

टक्. काठी वाजली. त्यांनी मुद्दाम वाजवली नव्हती, हात आपसूक उचलला गेला होता. भर माणसांत नातवंडाने वाह्यातपणा करावा आणि आजीने बघावं, तशा त्या काठीकडे बघत राहिल्या. मग मान वर केली.

"अ नॉक," त्या म्हणाल्या. "शी गेव्ह अस अ नॉक. द नॉक इज नॉट ॲन आन्सर. द नॉक सेज, स्टॉप. लुक. द आन्सर इज..." पुढचा शब्द सापडेना. त्यांनी काठी उचलून बसवाल्यांच्या छातीकडे रोखली. "द आन्सर इज इन द मॅन."

टिचकी म्हणजे उत्तर नव्हे, उत्तर या माणसातच आहे, असं त्या सांगत होत्या. जन्मभर काही न लावता बोललेली बाई, एका दमात एवढं बोलली होती, आणि अडकली तिथे स्वतःच वाजवून स्वतःच सुटली होती.

परीक्षकांनी नाक पुसलं. बराच वेळ पुसलं. मग मराठीत विचारलं, "तुम्ही स्वतःलाच वाजवलंत?"

"चुकले म्हणून."

"कुणी सांगितलं चुकलात म्हणून?"

"सांगायला कशाला लागतं? कळलं."

त्यांनी पेन कागदावर टेकवलं. "खरंय तुमचं, त्यात उत्तर नाही," ते म्हणाले. "पण परीक्षा एकेकट्याने द्यायची असते. बाकीच्यांनी बाहेर जिन्यात थांबायचं, दार बंद. यांना मी दुसरं चित्र देतो, पहिल्यापासून." मग त्यांनी हात पुढे केला. "आणि मावशी, तुमचा नंबर येईपर्यंत काठी माझ्यापाशी."

"परत मिळेल ना?"

"इंग्रजीत मागितलीत तर."

आम्ही जिन्यात आलो. दार बंद झालं, पण जुन्या दाराला फट असतेच, आणि चावीवाल्याला ती आधी दिसते. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज येत होता. बसवाल्यांचा आवाज, मग गप्प, मग टक्. मग पुन्हा आवाज. आतून टक् आली की इस्त्रीवाली डोळे मिटायची, आणि बोलणं पुढे सरकलं की उघडायची. प्रत्येक जण आत जाऊन तेच करत होता. तिथे वाजवायला दुसरं कुणी नव्हतं. ज्याची चूक त्याचीच टिचकी.

गोदामवाला आत गेला तेव्हा सगळ्यांत जास्त वेळ लागला. हा आत जाऊन मूग गिळून बसला असणार, असं आम्ही धरून चाललो. बाहेर आला तो घामाघूम.

"काय रे, इतका वेळ?"

"त्यांनी विचारलं, तू इंग्रजी कशासाठी शिकतोस," तो म्हणाला. "मी सांगितलं."

"आम्हाला नाही कधी सांगितलंस ते."

"तुम्ही इंग्रजीत विचारलं नाही."

सुईणबाई शेवटी गेल्या. दार लागता लागता मला एवढंच नीट ऐकू आलं, "सर, प्लीज गिव्ह मी द स्टिक." त्यावर आत कुणीतरी हसलं. परीक्षकच असणार, कारण पुढे लगेच खोकल्याची उबळ आली.

निकाल आला तेव्हा आम्ही वर्गातच होतो. ग्रंथपाल बाई जिना चढून आल्या, धाप लागलेली, आणि दारातच म्हणाल्या, "सगळे."

"सगळे काय?" बसवाल्यांनी विचारलं.

"सगळे पास. तुम्ही अगदी काठावर, पण पास. सुईणबाई पहिल्या. समितीशी बोलले मी. खोली राहणार. पुढच्या महिन्यापासून शिक्षिका मिळणार."

कुणी ओरडलं नाही. इस्त्रीवालीने टेबलावर बोटाचं पेर वाजवलं. टक्. मग गोदामवाल्याने. मग सगळ्यांनीच. एरवी एकदा वाजवायची टिचकी, आता थांबायलाच तयार नाही. टेबल थरथरायला लागलं, वर ठेवलेलं कुलूप उड्या मारायला लागलं, काठी जमिनीवर दणदण. खाली वाचनालयात बसलेले कुणीतरी गृहस्थ तक्रार घेऊन वर आले. "बाई, इथे शांतता पाळायची असते ना?" आयुष्यभर तीच पाटी भिंतीवर लावत आलेल्या ग्रंथपाल बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि दाराच्या चौकटीवर बोटाने वाजवलं. टक्. गृहस्थ आल्या पावली खाली गेले.

मीही वाजवत होतो. रडतही होतो, पण त्या गलक्यात कुणाला कळलं नसेल. ती असती तर म्हणाली असती, "अहो, पुरे, टेबल मोडेल." मग स्वतःच वाजवत बसली असती.

पुढच्या तासाला सुईणबाई उशिरा आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "केला फोन."

"जावयाला? काय म्हणालात?"

त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली आणि आम्हाला म्हणून दाखवलं. "यू आर अ हस्बंड. यू आर नॉट द किंग."

बसवाल्यांनी मनातल्या मनात दोनदा तपासलं. कुणाचाही हात उठला नाही. टिचकीला जागाच नव्हती.

"मग तो काय म्हणाला?"

"आधी हसायला लागला, नेहमीसारखा. मग हसायचा थांबला. मग सॉरी म्हणाला." त्या खुर्चीत बसल्या आणि काठी भिंतीला टेकवली. "लागू पडलं."

इस्त्रीवालीला वॉर्डात घेतलंय. बसवाले विमानतळाच्या बसवर लागले आहेत. लेकीला फोन करून सांगितलं की बॅग भरत नाही, तूच सुट्टीत ये. ती म्हणाली, "पोहऱ्यात बरंच पाणी आलं म्हणायचं."

बरण्यांचं मी ग्रंथपाल बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ज्या गोष्टी एक, दोन अशा मोजता येत नाहीत, पाणी, वाळू, मीठ, त्यांच्यापुढे बऱ्याचदा काहीच लावायचं नसतं. आम्ही हे ऐकून घेतलं. पण ऐकणं वेगळं. ते वस्तू हातात घेऊन, चुकून, वाजवून शिकायचं असतं, आणि तो धडा तिने कसा घेतला असता ते आमच्यापैकी कुणाला माहीत नाही.

नवी शिक्षिका अजून रुजू झालेली नाही. तोवर खोली मी उघडतो, पिशवी टेबलावर ठेवतो आणि माझ्या नेहमीच्या मागच्या खुर्चीवर बसतो. तीन बरण्या आतल्या कप्प्यात आहेत. तो धडा व्हायचा राहिला आहे.